दुकान सात रस्त्याला, डेटाची जुळी प्रत जुळे सोलापुरात!

दोन वर्षांपूर्वी ऐन दिवाळीत माझ्या सात रस्त्याच्या दुकानातला बिलिंगचा कॉम्प्युटर बंद पडला. बॅकअप होता, पण त्याच हार्ड डिस्कच्या डी ड्राइव्हमध्ये! तीन महिन्यांची उधारी गेली. गिऱ्हाइकांच्या प्रामाणिकपणावर जेमतेम निम्मी वसूल झाली.

मग मोठे लोक काय करतात? दुसऱ्या जागी पर्यायी सिस्टिम ठेवतात. पण नुसती ठेवून भागत नाही.

एनएसईचंच बघा. मुख्य सिस्टिम मुंबईत, पर्यायी चेन्नईत. तरी 24 फेब्रुवारी 2021 ला 11:40 वाजता ट्रेडिंग थांबलं, ते दुपारी 3:45 ला सुरू झालं. काम चेन्नईला वळवलंच नव्हतं. पुढच्याच महिन्यात सेबीने नियम कडक केले: 30 मिनिटांत आपत्ती जाहीर करा, त्यानंतर 45 मिनिटांत पर्यायी जागेवरून काम सुरू करा.

यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा.

आरपीओ: किती वेळेचा डेटा गेला तर चालेल?
आरटीओ: किती वेळात धंदा परत सुरू झाला पाहिजे? (लायसन्सवालं आरटीओ नव्हे बरं का!)

आता सॉफ्टवेअरचं काम. व्हर्च्युअल मशीन म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर. तो अख्खा फाइलींच्या रूपात असतो, म्हणून त्याची प्रत दुसरीकडे ठेवता येते. विंडोज सर्व्हरमधलं हायपर-व्ही रेप्लिका दर 30 सेकंद, 5 किंवा 15 मिनिटांनी फक्त झालेले बदल तिकडे पाठवतं.

करायचं कसं?

1. आधी आरपीओ आणि आरटीओ ठरवा, मग खर्च.
2. दुसरी जागा खरंच दुसरी हवी. माझी जुळे सोलापुरात, घरी आहे.
3. पहिली प्रत मोठी असते. ती एक्स्टर्नल डिस्कवर न्या. पुढचे बदल नेटवरून जातील.
4. बंद पडल्यावर 'आता तिकडून चालवा' हे कोण म्हणणार, त्याचं नाव लिहून ठेवा.
5. महिन्यातून एकदा तिकडची प्रत चालू करून एक बिल काढून बघा. एनएसईनेही 2 मार्च 2024 च्या शनिवारी पर्यायी साइटवरून प्रत्यक्ष ट्रेडिंग करून बघितलं.

एक सावधगिरी: चुकून उधारीची फाइल उडवली, तर थोड्या वेळात ती तिकडूनही उडते. म्हणून रोजचा वेगळा बॅकअप हवाच.

एवढा खर्च आत्ता झेपत नसेल, तर सर्व्हर राहू द्या. रोज रात्री शटर ओढताना डेटाची डिस्क घरी न्या. सुरुवात आजच करा!