उकिरड्यावरची नोंद

जून सरता सरता घोरावडेश्वराच्या टेकडीवर देवदर्शनाला येणाऱ्यांत एखादा असाही भेटतो, की जो पायऱ्या सोडून गवतात उकिडवा बसलेला असतो. पुण्याभोवतीच्या बहुतेक टेकड्यांवर ही जात आता आढळते. समोर वाघचौरा असतो: मातीला चिकटलेलं गोलसर पान आणि वर वीतभर दांड्याला पांढरं फूल. फुलाचा फोटो बाजूनं, पानाचा वरून, खोडाचा जवळून आणि एक भोवतालच्या खडकाचा. तारीख आणि ठिकाण फोन टिपतो. मग ते सगळं आयनॅचरलिस्टवर नाहीतर इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर जातं आणि कुठला तरी अनोळखी जाणकार नाव चुकलं असल्याचं बिनदिक्कत सांगतो. पगार नाही, प्रमाणपत्र नाही.

परंपरा मात्र जुनी आहे. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे माजी प्राचार्य थिओडोर कुक यांचा ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ 1901 ते 1908 या काळात निघाला. त्यात वनस्पतीखाली गावाचं नाव, आणणाऱ्याचं नाव आणि पुढे उद्गारचिन्ह. म्हणजे तो नमुना लेखकानं डोळ्यांनी पाहिलाय. आणणाऱ्यांपैकी वुड्रोसाहेबाला जे चिन्ह, तेच कानिटकरांना आणि तेच भिवाला. भिवा नुसता भिवा. आडनावावाचून वनस्पतिशास्त्राचं काही अडलं नाही.

पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्सचे फादर सांतापाव वर्षानुवर्षं खंडाळ्याच्या वाऱ्या करत राहिले. सात वर्षांनी फुलणाऱ्या कारवीचा त्यांनी पिच्छा पुरवला आणि 1953 मध्ये खंडाळ्याची स्वतंत्र वनस्पतिसूची छापली. श्रीकांत इंगळहळीकर तर पेशानं इंजिनियर. त्यांचं ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ 2001 मध्ये आलं आणि पिशवीत मावणारं पुस्तक घेऊन डोंगर चढणाऱ्यांची एक पिढी तयार झाली.

माझी तक्रार आहे ती या पिढीच्या आवडीनिवडीबद्दल. कारवी फुलली की झुंबड. टाकळा, कुर्डू, आघाडा यांच्याकडे ढुंकून कोण बघतो? घाटमाथ्याचे लाड, आणि पुणे-लोणावळा लोकलमधून देहूरोड नुसतं मागे जातं. तिथल्या लष्करी हद्दीत कॅमेरा चालत नाही, ते ठीक. पण स्टेशनालगतच्या नाल्याला, पडीक जागेला कुणाची बंदी आहे?

1955 मध्ये पुण्यातल्या उकिरड्यांवर उगवलेली काही परकी झुडपं वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी पाहिली आणि भारतात नवीन म्हणून पुढच्याच वर्षी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांची नोंद छापली. ते गाजर गवत. पुढं त्यानं देशभर काय केलं ते शेतकऱ्यांना विचारा. उकिरड्यापुढे थांबायला रावांना कमीपणा वाटला नाही, म्हणून आज त्या फैलावाला एक साल आहे, एक गाव आहे. आता मेक्सिकोकडचा कॉसमॉस पुण्याच्या टेकड्या पिवळ्या-केशरी करतो आहे. लोक त्यात उभं राहून सेल्फी काढतात. त्याच फोटोला तारीख आणि ठिकाण जोडलं, तर तीही नोंदच की!

दोन पथ्यं तेवढी पाळायची. झाड कुणी लावलेलं असेल तर तसं स्पष्ट नोंदवायचं, नाहीतर सोसायटीच्या बागेतली जास्वंद रानटी ठरते. आणि दुर्मीळ आमरी किंवा कंदीलपुष्प सापडलं, तर नेमकी जागा झाकायची. धोक्यातल्या जातींचा पत्ता आयनॅचरलिस्ट आपणहून धूसर करतं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मात्र तशी सोय नाही, आणि कंद उपटून नेणारेही त्याच ग्रुपवर असतात.