मोटारसायकल-शर्यती आणि राष्ट्रीय संघ : स्वरूप व मर्यादा

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याचा दुचाकी वाहनाशी निकटचा संबंध आहे. १९७२ मध्ये बाजारात आलेली ‘लूना’ ही कायनेटिक इंजिनिअरिंगची मोपेड येथील कारखान्यात तयार होत असे. संरक्षण खात्याची वाहन-संशोधन संस्था (व्हीआरडीई) याच शहरानजीक असून तिच्या आवारात वाहनांच्या चाचणीचे मार्ग आहेत. म्हणजे वाहन घडविणे आणि पारखणे या दोन्ही गोष्टी येथे झालेल्या आहेत. शर्यतीसाठी बांधलेले देशातील प्रमुख कायम मार्ग मात्र चेन्नई, कोइमतूर व ग्रेटर नोएडा येथे आहेत. चाचणी आणि शर्यत यांत फरक कोणता, व तो फरक सांभाळण्यासाठी राष्ट्रीय संघाची आवश्यकता का भासते, याचा थोडक्यात विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

चाचणीत वाहन हा अभ्यासविषय असतो. परिस्थिती ठरवून दिलेली असते व अनपेक्षित गोष्टी शक्य तितक्या टाळलेल्या असतात. शर्यतीत याउलट अनेक स्वार एकमेकांना मागे टाकण्याच्या ईर्ष्येने एकाच मार्गावर धावतात. एकाची चूक दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणून वेगाची मोजणी येथे पुरेशी ठरत नाही. स्पर्धकांपैकी कोणाचाही नसलेला, परंतु सर्वांना मान्य असा अधिकार लागतो.

हा अधिकार प्रथम युरोपात आकारास आला. इंग्लंडमधील ‘ऑटो-सायकल युनियन’ या संस्थेचा उगम १९०३ मधील असून १९०७ साली आइल ऑफ मॅन बेटावर सुरू झालेली विख्यात शर्यत तिच्याच छत्राखाली भरली. १९०४ मध्ये पॅरिस येथे निरनिराळ्या देशांतील क्लबांचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला. आज तो ‘फिम’ या संक्षिप्त नावाने ओळखला जातो व १९४९ पासून मार्गशर्यतींचे जागतिक अजिंक्यपद त्याच्या नियमांनुसार चालते. अमेरिकेतील संघ १९२४ चा. वैयक्तिक मोटारसायकलस्वार हेच त्याचे सभासद असल्यामुळे शर्यतींच्या नियमनाबरोबरच रस्त्यावरील सामान्य स्वाराच्या हक्कांसाठी शासनदरबारी भांडणे हेही तो आपले कर्तव्य मानतो.

भारतातील ‘फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया’ हा संघ १९७१ मध्ये स्थापन झाला. त्याचे मुख्य कार्यालय चेन्नई येथे आहे. इंग्लंडमध्ये मोटारी व मोटारसायकली यांच्यासाठी स्वतंत्र संस्था आहेत. भारतात दोहोंचे नियमन हा एकच संघ करतो. दुसरे वैशिष्ट्य त्याच्या नावातच आहे. हा स्वारांचा संघ नसून क्लबांचा संघ आहे.

संघाचे कार्य पुढील टप्प्यांनी चालते. आयोजक शर्यतीची नियमावली सादर करून अनुज्ञा मिळवितो. स्पर्धकास संघाकडून परवाना घ्यावा लागतो. इंजिनाची क्षमता व यंत्रातील फेरफार यांनुसार वर्ग पाडले जातात. शर्यतीपूर्वी तपासनीस वाहन, शिरस्त्राण व पोषाख तपासतात. मार्गावर निशाणधारी स्वयंसेवक आणि वैद्यकीय पथक सज्ज असते. तक्रारींचा निवाडा पंचमंडळ करते आणि त्यावर अपील करता येते. पारितोषिक अखेरीस येते. त्याआधीची ही सारी साखळी म्हणजेच शर्यत, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि संघाची अनुज्ञा ही कायद्याची जागा घेऊ शकत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ अन्वये सार्वजनिक जागी राज्य शासनाच्या लेखी संमतीवाचून शर्यत लावणे वा तीत भाग घेणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या अपराधास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा ठरविल्या आहेत. रात्री महामार्गावर पैजेने गाड्या पिटाळणारा तरुण आणि परवानाधारक स्पर्धक यांच्या वेगात कदाचित फारसा फरक नसेल. फरक आहे तो वेगाभोवती उभ्या केलेल्या व्यवस्थेचा.

ही व्यवस्थाही निर्दोष नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईनजीकच्या मार्गावर राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या नवोदित गटात धावताना अवघ्या तेरा वर्षांच्या एका स्वाराचा मृत्यू झाला. परवाना, तपासणी, वैद्यकीय पथक हे सर्व असूनही जीव वाचला नाही. ज्या वयात रस्त्यावर वाहन चालविण्यास कायदा मनाई करतो, त्या वयात शर्यतीस मुभा कोणत्या अटींवर द्यावी, हा प्रश्न या घटनेने उभा केला. त्याचे उत्तर क्लबांच्या उत्साहावर सोडता येणार नाही. ते नियमकर्त्या संघानेच दिले पाहिजे.

दुसरी मर्यादा भौगोलिक आहे. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यातील बालेवाडी येथे तात्पुरत्या मातीच्या मार्गावर सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली. कायम मार्गावाचूनही नियमबद्ध शर्यत भरविता येते, हे त्यावरून दिसून आले. नगरसारख्या जिल्ह्यातील होतकरू स्वारास मात्र परवाना मिळाला तरी सरावासाठी दूरचा प्रवास चुकत नाही. क्लबांच्या संघात ज्या भागात क्लब नाही, त्या भागाचा आवाजही क्षीण राहतो.

तात्पर्य, राष्ट्रीय संघ वेगाला आवर घालण्यासाठी नसून वेगाला जबाबदारीची जोड देण्यासाठी असतो. ज्या जिल्ह्यात वाहन घडले आणि पारखले गेले, तेथील तरुणास ही जोड जवळ मिळणार की तो महामार्गावरच धोका पत्करणार, यावर या संस्थेच्या कार्याची खरी कसोटी लागेल.