पिकअपला फायबरचे बॉनेट बसविताना घ्यावयाची काळजी



गाळप आटोपले, की आपल्या भागात वाहनांच्या दुरुस्तीची धांदल उडते. सहा महिने बेणे, खत, डिझेलची पिंपे, मळी आणि माणसे वाहून पिकअप गाड्या थकलेल्या असतात. त्यातही बॉनेटच्या पत्र्याची फार दैना होते. पत्र्याची कड आत दुमडलेली असते. त्या दुमडीत पाणी, धूळ आणि खताचा खार साचतो आणि गंज आतून खात सुटतो. वरून रंग चांगला दिसतो; पण अंगठ्याने दाबले की पत्रा पापडासारखा मोडतो. मग गॅरेजवाला सुचवितो, "दादा, फायबरचं टाकून घ्या. गंजायची भानगडच नको."

सल्ला वाईट नाही. पण तो अर्धाच असतो. उरलेला अर्धा सांगण्यासाठी वाहन विभागातर्फे आम्ही हा लेख लिहीत आहोत. त्याला कारण घडले आहे.

गेल्या हंगामात आपल्या एका सभासद बंधूंनी पिकअपला नवे फायबरचे बॉनेट बसवून घेतले. काम अर्ध्या दिवसात उरकले. जुन्या बॉनेटला असलेला सुरक्षेचा हूक नव्याला लावायचा राहिला आणि जुने बॉनेट हुकासकट भंगारात गेले. आठवड्याभरात हमरस्त्यावर खटका सुटला. बॉनेट वाऱ्याने उचलून थेट समोरच्या काचेवर आपटले. पुढे उसाच्या बैलगाड्यांची रांग होती आणि समोरचे काहीच दिसत नव्हते. त्यांनी चाक सरळ धरले, खिडकीतून डोके काढून गाडी हळूहळू कडेला घेतली, म्हणून बैल वाचले, गाडीवान वाचले आणि तेही वाचले. चूक फायबरची नव्हती. एका हुकाची होती.

फायबर म्हणजे काय?

आपल्या जुन्या घरांतली कणगी आठवा. तुराट्यांची वीण बळ देते आणि शेणमातीचे सारवण ती वीण जागेवर धरून ठेवते. नुसत्या तुराट्या वाकतात, नुसती माती फुटते. दोन्ही मिळून कणगी उभी राहते. फायबरग्लासचेही तसेच आहे. वितळलेल्या काचेचे केसाहून बारीक तंतू ओढतात, त्यांची चटई करतात, ती साच्यात पसरून तिच्यावर पॉलिएस्टर रेझिन चढवितात. त्यात हार्डनर मिसळलेला असल्याने ते घट्ट होते. बाहेरचा गुळगुळीत थर म्हणजे जेलकोट.

हे तंत्र काही नवे नाही. अमेरिकेत १९५३ साली शेव्हरोले कंपनीने कॉर्व्हेट मोटारीचे सगळे अंगच फायबरचे केले. त्या वर्षी अशा ३०० गाड्या निघाल्या. आपल्या देशात १९८० च्या दशकात बंगळूरच्या सिपानी कंपनीने 'डॉल्फिन' ही फायबरच्या अंगाची छोटी मोटार काढली होती. तेव्हा माल खोटा नाही. मात्र चांगला कोणता आणि वाईट कोणता, हे पारखता आले पाहिजे.

वजनाचा हिशेब

"वजन कमी होईल, ॲव्हरेज वाढेल," असे विकणारा सांगतो. हिशेब करून पाहू. पोलादाचे वजन पाण्याच्या पावणेआठ पट असते, फायबरचे साधारण दीडपट. म्हणजे सारख्याच जाडीचा फायबर पाचपट हलका. पण जाडी सारखी नसते! बॉनेटचा पत्रा सुमारे ०.८ मिलिमीटर असतो, तर फायबर ३ ते ४ मिलिमीटर ठेवावे लागते. त्यामुळे एक चौरस मीटर पत्र्याचे वजन सव्वासहा किलोच्या आसपास, तर फायबरचे साडेचार ते सहा किलो. बचत झाली तर दीड-दोन किलोंची! टनावारी माल वाहणाऱ्या गाडीला तिचे काय? पैसे मोजायचे तर गंज लागत नाही म्हणून मोजावेत, डिझेल वाचेल म्हणून नव्हे. आणि जे बॉनेट खरेच फार हलके लागते ते पातळ असते, याची नोंद घ्यावी.

जुना पत्रा एक-दोन ठिकाणीच गंजला असेल, तर तेवढा कापून नवा जोडून घेणे केव्हाही चांगले. पत्रा ठोकून सरळ करता येतो आणि पेट घेत नाही. साधे फायबर ठोकले तर तडकते आणि आग लागल्यास जळते. ज्यांच्या गाडीत डिझेल गळते किंवा वायरिंगला जागोजागी चिकटपट्टी आहे, त्यांनी आधी ते दुरुस्त करावे, मग बॉनेटचा विचार करावा.

घेताना काय पाहावे?

१) बॉनेट उलटे करून पाहावे. खालच्या बाजूला आधाराची चौकट असावी. बिजागरी, खटका आणि हूक येतात तेथे फायबरच्या आत पोलादी पट्टी बसविलेली असावी. ती नसेल तर माल परत करावा.

२) उन्हात धरून खालून पाहावे. रंग न दिलेल्या फायबरमधून उजेड झिरपतो. मध्येच फार उजळ दिसले तर थर पातळ आहे. बोटाच्या पेराने वाजवीत जावे. आवाज एकदम पोकळ झाला तर आत हवा राहिली आहे.

३) सपाट फरशीवर ठेवून कोपरे टेकतात का पाहावे. मग सुतळीने दोन्ही कर्ण मोजावेत. शेतात चौरस आखताना करतो तेच. कर्णांत फरक आला तर बॉनेट पिळले आहे. पिळलेले बॉनेट बोल्ट आवळून सरळ होत नाही. ते बोल्टापाशी तडकते.

४) रेझिनचा उग्र वास येत असेल तर माल ओला आहे. चारही बाजूंनी आधार देऊन आठ-दहा दिवस उन्हात ठेवावा. भिंतीला टेकवून ठेवला तर वाकेल.

बसविण्याची रीत

प्रथम बॅटरीची अर्थची वायर सोडावी. जुने बॉनेट काढण्यापूर्वी बिजागरीभोवती पेन्सिलने रेघ मारावी. काचेच्या कडेला जुने कापड घालावे आणि दोघांनी दोन बाजूंनी धरून बॉनेट उतरवावे. नट-बोल्ट, पट्ट्या, रबरी गुटके एका डब्यात ठेवावेत. नवे पूर्ण बसून गाडी रस्त्यावर तपासली जाईपर्यंत जुने बॉनेट भंगारवाल्याला देऊ नये. अति घाई संकटात नेई, ही घाटातली पाटी येथेही लागू आहे.

नवे बॉनेट रंग देण्यापूर्वी एकदा बसवून पाहावे. बोल्ट सैल ठेवावेत, खटका न लावता हळूच खाली टेकवावे. दोन्ही बाजूंची फट सारखी, ४ ते ६ मिलिमीटर असावी. एकीकडे बोट जाते आणि दुसरीकडे कागद जात नाही, असे नको.

इंजिनाला बॉनेट लागते का, हे पाहण्याची सोपी युक्ती घरात आहे. कणकेचे लहान गोळे करून एअर क्लीनर, बॅटरीची टोके आणि इंजिनाचा सर्वांत उंच भाग यांवर ठेवावेत. बॉनेट बंद करून उघडावे. चेपलेल्या गोळ्याची जाडी एक इंचापेक्षा कमी असेल तर जागा अपुरी आहे. चढावर आणि खड्ड्यांत इंजिन हलते, हे विसरू नये. बॉनेटच्या पोलादी पट्टीला बॅटरीचे टोक लागले तर ठिणगी पडेल.

कडा जास्त असतील तर ८० नंबरच्या कागदाने थोड्या थोड्या घासाव्यात. हे करताना नाकाला पट्टी, डोळ्यांना चष्मा आणि अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. ऊस तोडताना कूस अंगाला लागून आग होते, तशीच काचेची ही भुकटी लागते. फुप्फुसात गेली तर त्याहून वाईट. पाणी लावून घासल्यास उडत नाही. पोराबाळांना आसपास फिरकू देऊ नये.

भोक पाडताना वर चिकटपट्टी लावावी, खाली लाकडाचा ठोकळा धरावा. खिळा ठोकून खूण करू नये, जेलकोट तडकतो. आधी बारीक ड्रिल, मग मोठे. भोक बोल्टापेक्षा एक मिलिमीटर सैल ठेवावे. दोन्ही बाजूंना मोठे वायसर किंवा पोलादी पट्टी घालावी. नट बसला की थोडा आवळून थांबावे. लोखंडासारखा जोर लावला तर फायबर आत चिरडते. न सुटणारा नायलॉनचा नट वापरावा. पत्र्याचे स्क्रू येथे चालत नाहीत, धक्क्यांनी ते भोक मोठे करून निघून येतात.

हूक आणि खटका

बॉनेटला दोन अडसर असतात. आतल्या दांडीने सुटतो तो खटका, आणि त्यानंतर बोट घालून सोडावा लागतो तो सुरक्षेचा हूक. खटका चुकून सुटला तरी हूक बॉनेट धरून ठेवतो. हे दोन्ही भाग जुन्या बॉनेटवरून नव्यावर आलेच पाहिजेत आणि ते आरपार बोल्टने, पोलादी पट्टीवर बसविलेले असले पाहिजेत. नुसते रेझिनने चिकटविलेले आम्हांला मान्य नाही.

वाऱ्याचा जोर किती असतो पाहा. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना समोरून येणारा वारा आडव्या उभ्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला सुमारे १७ किलोचा दाब देतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. उघडलेले बॉनेट म्हणजे शिडच! त्याला हाताने कोण धरणार?

तपासणी अशी करावी : गाडी उभी असताना आतली दांडी ओढावी आणि बॉनेट वर ओढून पाहावे. हुकावर अडले पाहिजे. असे पाच-सात वेळा करावे. एकदा जरी सुटले तरी गाडी बाहेर काढू नये. जुन्या जीपला बॉनेटच्या दोन्ही बाजूंना हूक असत. तसेच दोन जादा हूक किंवा पिना फायबरच्या बॉनेटला लावून घ्याव्यात, असा आमचा आग्रह आहे. खर्च किरकोळ आहे.

रंग, कागदपत्रे आणि पुढची निगा

साच्यातून सुटावे म्हणून लावलेले मेण बॉनेटवर राहिलेले असते. साबणाच्या कोमट पाण्याने आणि नंतर मेण काढणाऱ्या द्रावणाने पुसून, बारीक कागदाने घासून मगच प्रायमर द्यावा. नाहीतर रंग पोपडे होऊन निघतो. इंजिनाच्या गरम भागावर येणाऱ्या जागी आतून ॲल्युमिनियमचा उष्णतारोधक थर लावावा.

गाडीचा रंग आर.सी.वर नोंदलेला असतो. म्हणून मूळ रंगच द्यावा. गाडीचा रंग बदलायचा असेल तर आर.टी.ओ.कडे रीतसर नोंद करून घ्यावी. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ नोंदीतील तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही. काच झाकणारा उंच फुगवटा असलेले बॉनेट घेऊ नये. विमा कंपनीलाही लेखी कळवावे.

आठ दिवसांनी सर्व नट पुन्हा पाहावेत आणि दर हंगामाच्या आरंभी न चुकता. बोल्टापाशी केसासारखी चीर दिसली तर लांबी भरून रंग मारू नये. खालून चटई आणि रेझिनचा थर द्यावा. बॉनेटवर बसणे, जेवणाचा डबा किंवा बॅटरी ठेवणे बंद करावे. पत्र्याला खड्डा पडून कळते, फायबर आतल्या आत तुटते.

ज्या बंधूंनी असे बॉनेट आधीच बसविले आहे, त्यांनी हा अंक खाली ठेवून आधी गाडीपाशी जावे आणि हूक ओढून पाहावा. शंका आल्यास गाडी कारखान्याच्या वाहन विभागात आणावी. आम्ही पाहून देऊ. येत्या हंगामात आपल्या रस्त्यांवर बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि ऊसतोड कामगारांची लेकरेबाळे असणार आहेत. त्यांच्यासाठी एवढे कराच.

कळावे.