रांगेचा फायदा सर्वांना

महिनाअखेर. तुमच्या मेलमध्ये दोन याद्या येऊन पडल्यात. एक गेल्या महिन्याच्या स्टाफची, दुसरी या महिन्याची. बॉसचा प्रश्न साधा : कोण सोडून गेलं आणि कोण नवीन आलं? तीन हजार नंबर डोळ्यांनी कोण ताडून बघणार? लिनक्सची काळी स्क्रीन उघडून बसणारा तुमचा दोस्त लगेच म्हणेल, 'त्यात काय, कॉम मार!'

कॉम ही युनिक्सची जुनी कमांड. दोन फाइल्स दिल्या की ती तीन कॉलम काढते : फक्त पहिलीतल्या ओळी, फक्त दुसरीतल्या आणि दोन्हींतल्या. काम चुटकीसरशी. अट एकच. दोन्ही याद्या आधीच लावलेल्या हव्यात, आणि त्याही एकाच क्रमाने.

दहा आधी की दोन?

कॉम यादी पाठ करत नाही. दोन्ही याद्यांवर एकेक बोट ठेवून ती खाली सरकते. जी ओळ क्रमात आधीची, ती 'समोरच्या यादीत नाही' असं धरून ते बोट पुढे. आता समजा, पहिली यादी आकड्यांच्या हिशेबाने लावली : २, ९, १०. दुसरी अक्षरांच्या हिशेबाने : १०, २, ९. (अक्षरं म्हणून बघितलं तर १ आधी, म्हणून १० पुढे!) कॉमचा निकाल काय? १० नंबरचा माणूस नोकरी सोडून गेला आणि तोच नव्याने रुजूही झाला. नव्या आवृत्त्या 'फाइल क्रमात नाही' अशी कुरकुर करतात, पण रात्री आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टची कुरकुर ऐकतो कोण?

लोकेलची गंमत

नावांचं तर आणखी त्रांगडं. आस्कीमध्ये कॅपिटल 'ए'चा नंबर ६५, स्मॉल 'ए'चा ९७. त्यामुळे 'सी' लोकेलमध्ये सगळी कॅपिटल मंडळी आधी. अमेरिकन इंग्रजी लोकेल मात्र डिक्शनरीसारखं दोघांना शेजारी बसवतं. आणि मराठी? वर्णमालेत ळ येतो ह नंतर, युनिकोडच्या नंबरांत तो बसलाय ल आणि व यांच्या मध्ये. क्ष तर चक्क क च्या घरात!

बरं, लोकेल तेच ठेवलं तरी मशीन बदललं की गडबड होऊ शकते. २०१८ मध्ये लिनक्सच्या जीलिबसी लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत क्रमाचे नियम बदलले आणि पोस्टग्रेस डेटाबेस सांभाळणाऱ्यांना जुने इंडेक्स पुन्हा बांधत बसावं लागलं.

मग करायचं काय?

* दोन्ही फाइल्स एकाच मशीनवर, एकाच वेळी, त्याच सॉर्ट कमांडने लावा. दुसऱ्याने 'लावून पाठवलेल्या' यादीवर विसंबू नका.
* सॉर्ट आणि कॉम, दोन्हींच्या आधी 'एलसी_ऑल=सी' लिहा. क्रम दिसायला विचित्र, पण सगळीकडे सारखा.
* कॉमसाठी आकड्यांचं, म्हणजे 'मायनस एन'वालं सॉर्ट टाळा.
* डिफ वापरणार? तिला सॉर्ट लागत नाही, पण ती क्रमालाही अर्थ देते. जागा बदललेली ओळ तिला एकीकडे गायब, दुसरीकडे नवीन वाटते.

पाच मिनिटांचं काम आहे. पण पगाराच्या यादीतून विनाकारण गळलेल्या त्या १० नंबरवाल्याला विचारा, त्याच्या ईएमआयची तारीख कुठल्याच सॉर्टने पुढे सरकत नाही!