शेकोटीपुढे पाठ गारच

शेकोटीपुढे बसलं की तोंड भाजतं आणि पाठ मात्र गारठते. सतराव्या शतकात अमेरिकेत वस्ती केलेल्या इंग्रजांची घरातही हीच गत होती. बोस्टनच्या सॅम्युअल सूअलने १६८६च्या जानेवारीत रोजनिशीत लिहिलंय, की चर्चमधला प्रसादाचा पाव गोठून ताटलीत खडखडला! चर्चमध्ये आग नसे, हे खरं. पण घरात तर भिंतभर मोठी चूल आणि जंगलभर लाकूड होतं. मग?

तापलेली हवा हलकी होऊन धुराड्यातून वर जाते. तिची जागा भरायला बाहेरची बोचरी हवा दारंखिडक्यांच्या फटींतून आत घुसते. म्हणजे चूल एका परीने एक्झॉस्ट फॅनच, जाळ मोठा तसा वाराही जास्त. जाळाची जी धग उरते ती उन्हासारखी सरळ येते, समोरच्यालाच लागते. म्हणून चुलीपुढच्या बाकांना उंच पाठी असत, मागचा वारा अडवायला.

१७४०च्या दशकात बेंजामिन फ्रँकलिनने लोखंडी शेगडी काढली. धूर आत वळणं घेत जाई, त्याची उष्णता लोखंडात मुरे आणि लोखंड खोली तापवी. कल्पना झकास, पण तिचा धूर काही नीट बाहेर पडेना.