सोनं पेशीत राहू नये म्हणून

सोन्याचे कण तापवून कॅन्सरची गाठ जाळता येते, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. मला पवईत घडवलेल्या अशा एका कणाकडे ओढलं ते वेगळ्याच प्रश्नाने: काम झाल्यावर त्या सोन्याचं शरीरात होतं काय?

पवईच्या आयआयटी मुंबईतले अरविंद रेंगन, रोहित श्रीवास्तव आणि टाटा मेमोरियलच्या खारघर केंद्रातले अभिजित डे यांच्या गटाने 2015 मध्ये ‘नॅनो लेटर्स’मध्ये याचं उत्तर दिलं. त्यांच्या कणाचा गाभा म्हणजे लायपोसोम, चरबीच्या दुहेरी पापुद्र्याचा पोकळ बुडबुडा. त्यात औषध भरणं जुनंच. डॉक्सोरुबिसिन अमेरिकेत 1995 पासून तसं मिळतं. इथे बुडबुड्यावर सोनं चढवलंय. सोन्याचा सुटा बारीक कण हिरवा प्रकाश शोषतो, म्हणून त्याचं द्रावण लाल दिसतं. बुडबुड्यावर कण खेटून बसले की मात्र ते अवरक्ताकडचा प्रकाश शोषू लागतात, आणि कातडी नि रक्त ओलांडून खोल जातो तोही हाच प्रकाश. 750 नॅनोमीटरचा लेसर पडला की सोन्यातले इलेक्ट्रॉन एकदम डोलू लागतात, कण तापतो आणि भोवतालची पेशी मरते. लेसर न पडलेला कण थंडच राहतो. अशा कणांच्या पोटात औषध भरलं, तर तापून सैल झालेल्या पापुद्र्यातून ते गाठीतच सांडावं, ही पुढची आशा.

उंदरांमधली गाठ पूर्ण जळाली. मी थबकलो ते यकृतापाशी. सिलिकाच्या गाभ्याचे सोनेरी कण उंदरांच्या यकृतात महिनोन्‌महिने साठून राहतात. पवईचा कण मात्र यकृताच्या पेशीत मोडतो आणि सोनं पित्तावाटे, लघवीवाटे बाहेर पडतं. औषधाने आपलं काम उरकून निघूनही जावं, एवढा विचार कुणी केला याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

पण उंदराची गाठ कातडीलगत असते. माणसात एखाद-दोन सेंटिमीटरनंतर हा प्रकाश क्षीण होतो. तंबाखूने गालात झालेला कॅन्सर त्याच्या टप्प्यात येतो खरा, पण आपल्याकडचे कितीतरी रुग्ण दवाखान्यात पोचतात तोवर तो जबड्याच्या हाडात उतरलेला असतो. न्यूयॉर्कमध्ये 16 प्रोस्टेट रुग्णांवर सिलिका-सोन्याचे कण वापरले, तेव्हा लेसरचे फायबर थेट ग्रंथीत खुपसावे लागले. 2019 मध्ये त्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्याहून अवघड अडचण रक्तातली. टोरांटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने 2016 मध्ये दहा वर्षांचे प्रयोग चाळले. शिरेतून दिलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचणाऱ्यांचा मध्यक निघाला 0.7 टक्के. बाकीचे बहुतेक यकृत नि प्लीहा टिपतात. तेव्हा पवईच्या कणाचं मोडणं सुरक्षिततेचा प्रश्न हलका करतं, पोचण्याचा नाही. शिवाय औषध, सोनं आणि लेसर या तिन्हींची एकत्र परीक्षा माणसांवर व्हायला हवी, आणि कणांचा प्रत्येक घाणा आधीच्यासारखाच निघायला हवा.