घरचा बॉयलर : ज्योत निळी की पिवळी ?



दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास आपल्या कारखान्यावर बॉयलर अग्निप्रदीपनाचा समारंभ होतो आणि आपण त्यास अगत्याने येता. परंतु त्या दिवसाआधी काही महिने त्या बॉयलरवर काय काय काम चालते, हे थोड्यांनीच पाहिले असेल. नळ्या साफ होतात, गळक्या नळ्या बदलल्या जातात, पाण्याच्या दाबाची चाचणी होते, अधिकृत निरीक्षक येऊन तपासून जातात आणि मगच त्यात अग्नी पडतो. तो चालविणाराही परीक्षा पास झालेला बॉयलर अटेंडंट असतो. वाटेल त्याला तेथे हात लावू देत नाहीत.

हे सांगण्याचे कारण असे की, पुष्कळ सभासदांच्या घरी आता दुसरा एक छोटा बॉयलर आला आहे. तो म्हणजे न्हाणीघरातील गॅसचा गिझर. पूर्वी परसात तांब्याचा बंब असे. शेणी, चिपाडे घालून पाणी तापे. धूर डोळ्यांत जाई, पण तो डोळ्यांना दिसे तरी. शिवाय बंब उघड्यावर असे. गिझर भिंतीवर टांगलेला, न्हाणीघराचे दार बंद, आणि त्याचा धूर दिसत नाही. फरक आहे तो इथे.

आमचे काम बेणे, खत आणि पाणी यांचे. तरीही या अंकातील आमची जागा आम्ही गिझरला दिली, त्यास कारण आमच्याच घरी घडले. ते पुढे सांगतोच.

गिझर पेटतो कसा ?

गावोगावच्या बैठकीत उसाचे बोलणे संपले की कोणी तरी हळूच विचारतो, "साहेब, गिझर नुसता टकटक करतोय, पेटत नाही. काय झालं असंल ?" म्हणून आधी त्याची चाल समजून घेऊ.

नळ सोडला की पाणी गिझरमधून वाहू लागते. पाण्याच्या दाबाने आतला एक रबरी पडदा सरकतो व खटका दाबला जातो. मग सेलवर ठिणगी पडू लागते, तोच टकटक आवाज. त्याच वेळी गॅसची झडप उघडते आणि बर्नर पेटतो. ज्योतीजवळ एक बारीक काडी असते. ज्योत लागली आहे असे त्या काडीला कळले, तरच झडप उघडी राहते, नाही तर गॅस आपोआप बंद होतो. वरच्या तांब्याच्या नळ्यांतून पाणी तापून बाहेर येते. नळ बंद केला की पडदा मागे येतो आणि ज्योत विझते.

म्हणजे पाणी, सेल, गॅस आणि हवा या चार गोष्टी जमल्या की गिझर चालतो. पहिल्या तिन्हींपैकी एक कमी पडली तर गिझर पेटत नाही. चौथी, म्हणजे हवा, कमी पडली तर मात्र तो पेटलेलाच राहतो. आमचे सारे सांगणे या एका वाक्यात आहे. न पेटणारा गिझर ही गैरसोय होय. चुकीचा पेटणारा गिझर हा धोका होय.

पेटत नसेल तर घरी काय पाहावे ?

१) टकटक आवाजच येत नाही. बहुतेक गिझरना दीड व्होल्टचे दोन मोठे सेल लागतात. ते दोन्ही एकदम नवे घालावेत, एक जुना व एक नवा असे करू नये. टोकांवर हिरवट बुरशीसारखे काही चढले असेल तर कोरड्या फडक्याने पुसावे. सेल ठीक असतील तर पाण्याचा दाब पाहावा. टाकीतील पाणी गिझरपासून निदान ८-१० फूट उंच नसेल तर पडदा सरकत नाही. पाणी आत येते त्या तोंडाशी बारीक जाळी असते. बोअरच्या पाण्याने तीत वाळू व कचरा अडकतो. वरचा नळ बंद करून ती जाळी धुता येते.

२) टकटक होते, पण पेटत नाही. टाकी संपली आहे काय, रेग्युलेटर व मधला कॉक उघडा आहे काय, हे पाहावे. टाकी नवी लावली असेल तर नळीत हवा असते. नळ दोन-तीन वेळा उघडबंद केला की पेटते. तरीही न पेटल्यास थांबावे. पुन्हा पुन्हा प्रयत्न केल्याने गॅस साठतो आणि एकदम भप्पकन् पेट घेतो.

३) पेटतो, पण वीस-एक मिनिटांनी विझतो. हा बिघाड नव्हे. बऱ्याच गिझरमध्ये मुद्दाम तशी सोय केलेली असते. नळ बंद करून पुन्हा सोडला की चालू होतो. ती सोय काढून टाकावयास कोणासही सांगू नये.

४) पाणी नीट तापत नाही. थंडीत टाकीतले पाणीच गार असते, म्हणून धार थोडी कमी करून पाहावी. तेवढ्याने भागले नाही तर तांब्याच्या नळीत क्षार बसला असण्याचा संभव आहे. ठिबकच्या तोट्या जशा क्षाराने धरतात, तसेच हे. मात्र ती नळी साफ करणे मेकॅनिकचे काम.

आता घरच्याने कोठवर जावे आणि कोठे थांबावे ? आम्ही एक सोपी खूण ठरविली आहे. सेल, नळ, जाळी, टाकी ही पत्र्याच्या कव्हराबाहेरची कामे आपली. कव्हराचा स्क्रू काढावा लागला की तेथून पुढे काम त्या कंपनीच्या किंवा गॅसचे काम शिकलेल्या मेकॅनिकचे. मोटार भरणारा वायरमन किंवा पंप दुरुस्त करणारा मिस्त्री हुशार असतो हे खरे, पण त्याच्याकडूनही आतली काडी किंवा सुरक्षेची वायर 'डायरेक्ट' करून घेऊ नये.

ताबडतोब बंद करून मेकॅनिक बोलवावा असे प्रसंग

ज्योत पिवळी किंवा तांबूस दिसते. कव्हरावर, भिंतीवर किंवा छतावर काजळी धरते. पेटताना भप्प असा आवाज होतो. पेटून लगेच विझतो, हे वारंवार होते. गिझरच्या आतून पाणी ठिबकते. आणि सर्वांत वाईट म्हणजे नळ बंद केला तरी ज्योत विझत नाही. अशा वेळी प्रथम टाकीचा रेग्युलेटर बंद करावा, मग बाकीचे पाहावे. यांपैकी काहीही आढळल्यास "आजची अंघोळ उरकू, उद्या बघू" असे म्हणू नये. चुलीवर पाणी तापवावे.

उसाचे पान पिवळे पडले की आपण लगेच विचारतो, नत्र कमी पडले की लोह ? ज्योत पिवळी पडली की तसेच विचारावयास पाहिजे. उत्तर बहुधा एकच असते, हवा कमी पडते आहे. गॅसला पुरती हवा मिळाली तर तो निळा जळतो. हवा कमी पडली तर अर्धवट जळतो, आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. टाकीतल्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो म्हणून गळती कळते. या वायूला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तात प्राणवायू जेथे बसतो तेथे तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट बसतो. उसातील हुमणीसारखेच हे. वरून काही दिसत नाही, आणि दिसते तेव्हा मुळे खाऊन झालेली असतात.

हवेचा हिशेब

काही सभासद म्हणतील, आमचा गिझर नवा आहे, ज्योत निळी आहे. त्यांनी पुढील हिशेब पाहावा. ४ फूट बाय ६ फूट, उंची ८ फूट असे न्हाणीघर धरले तर त्यात १९२ घनफूट हवा मावते. मिनिटाला ६ लिटर पाणी चांगले तापविणारा गिझर ताशी सुमारे १ किलो गॅस खातो. एक किलो गॅस पुरता जळण्यास सुमारे १५ किलो, म्हणजे ४४० घनफुटांच्या आसपास हवा लागते. याचा अर्थ दार-खिडकी बंद असेल तर साधारण २५ मिनिटांत गिझर त्या न्हाणीघरातील सगळ्या हवेइतकी हवा मागतो. घरातील चार माणसे पाठोपाठ अंघोळीस गेली की २५ मिनिटे सहज होतात. हवा संपण्याच्या कितीतरी आधीच ज्योत बिघडते. म्हणजे नवा गिझरही बंद खोलीत धोक्याचाच.

यावर खात्रीचा उपाय एकच. गिझर व टाकी न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत, पडवीत किंवा बाहेरच्या भिंतीवर आडोशाला बसवावी आणि गरम पाण्याची नळी तेवढी आत न्यावी. ते होईपर्यंत वरचा झरोका कायम उघडा ठेवावा आणि दाराच्या खालच्या बाजूस हवा येण्यास जाळी ठेवावी. नुसता एक्झॉस्ट फॅन लावून भागत नाही. खालून हवा आली तरच तो वरची हवा बाहेर काढतो. शिवाय बादल्या आधी भरून घ्याव्यात, गिझर बंद करावा, आणि मग आत जाऊन कडी लावावी.

आमच्या घरची गोष्ट

हे सारे आम्हांस आधीपासून माहीत होते असे समजू नये. गाळप जोरात होते, तोडणीच्या पाळ्यांवरून रोज कटकटी चालू होत्या. घरातून दोन वेळा सांगणे झाले, "अहो, गिझरची ज्योत पिवळी दिसतेय. वरचं छतही काळं पडलंय." आम्ही उत्तर दिले, "पाणी तापतंय ना ? मग हंगाम उरकू दे." एवढेच नव्हे, वारा झोंबतो म्हणून खताच्या रिकाम्या पोत्याने झरोका आम्हीच बुजविला होता.

एका रविवारी सगळ्यांच्या अंघोळी झाल्यावर मुलगा शेवटी आत गेला. पाण्याचा आवाज चालूच राहिला. हाक मारली, ओ नाही. दार खांद्याने फोडले तेव्हा तो भिंतीला टेकून पडला होता, दातखीळ बसलेली. आम्ही त्याला पडवीत ओढून आणले. फिट आली असे समजून कोणी कांदा आणला, कोणी चप्पल. शेजाऱ्यांच्या जीपमधून तालुक्याला नेले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "गॅस गिझर आहे का ?" लगेच प्राणवायू लावला. तिसऱ्या दिवशी पोरगा घरी आला. पुढे आठवडाभर डोके धरून बसत असे. दार फोडण्यास आणखी दहा मिनिटे लागली असती तर काय झाले असते, हा विचार आजही नको वाटतो.

नंतर मेकॅनिक आला. कव्हर काढले तो बर्नरच्या नळीत कोळ्याचे जाळे आणि वरच्या पात्यांत काजळी गच्च. अर्ध्या तासाचे काम होते. ते आम्ही दोन महिने पुढे ढकलले होते. शेतकऱ्यांना रोज सांगणारा माणूस, की रोग दिसताच उपाय करा, मागाहून करू नका !

प्रसंग ओढवल्यास

गिझर चालू असताना डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे, पायातील बळ जाणे असे वाटले तर अंगावर साबण असला तरी पाणी बंद करून बाहेर यावे. पाय लटके पडले की कडीपर्यंत हात पोचत नाही. आत कोणी पडलेले आढळल्यास दार उघडताच त्याला मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा व १०८ ला फोन करावा. बाहेर काढणाऱ्यानेही आत रेंगाळू नये. कांदा-चप्पल यात वेळ घालवू नये. डॉक्टरांना 'गॅस गिझर चालू होता' हे आवर्जून सांगावे, कारण बोटाला लावावयाचे ऑक्सिजनचे यंत्र अशा वेळी आकडा चांगला दाखवून फसवते.

जळक्या वायूची गोष्ट निराळी आणि गळतीची निराळी. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साठतो. गळतीसाठी १९०६ या क्रमांकावर फोन लागतो. सांध्यांची तपासणी करावयाची ती साबणाच्या फेसाने, काडी ओढून कधीही नाही. नळी आयएसआय मार्कची असावी व पाच वर्षांनी बदलावी.

शेवटी एक विनंती. दसऱ्याला आपण घरातील अवजारे धुऊन पुसून पूजतो. त्याच आठवड्यात घरच्या या बॉयलरचीही मेकॅनिककडून तपासणी करून घेण्याचा परिपाठ ठेवावा. कारखान्याचा बॉयलर तपासल्याशिवाय पेटत नाही. घरचाही पेटू नये. आणि घरातील माणसाने "ज्योत पिवळी दिसतेय" असे सांगितले तर हंगाम, तोडणी, पाळी यांतले काहीही मध्ये न आणता त्याच दिवशी गॅस बंद करावा. सभासद बंधू-भगिनींनी याची जरूर नोंद घ्यावी.

— ऊस विकास अधिकारी